एका ‘कॅन’ची दोन घरे

गोव्यातील शाळांतून आणि अन्यत्र महाविद्यालयांतून फ्रेंच शिकणारी आपली मुले ती भाषा बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकतात. नामे, विशेषणे, साधे काळ येथपर्यंत हा आधार टिकतो. परंतु कॅन, मे, मस्ट, शुड, वुड या साहाय्यक क्रियापदांपाशी आले की तो सुटतो. अशा वेळी घरची मराठी हाताशी असूनही विद्यार्थी तिच्याकडे वळत नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

अडचणीचे मूळ व्याकरणात आहे. इंग्रजीतील हे शब्द म्हणजे अपुरी क्रियापदे. त्यांना तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘एस’ लागत नाही, त्यांची धातुसाधिते होत नाहीत, आणि ‘मस्ट’चा भविष्यकाळ करावयाचा तर ‘हॅव टु’ची उसनवारी करावी लागते. फ्रेंचमध्ये अशी वेगळी जात नाही. तेथे पुव्वार, साव्वार, दव्वार, वुल्वार ही इतरांसारखीच क्रियापदे असून ती निरनिराळ्या काळांत व अर्थांत चालतात. (उच्चार देवनागरीत जमले तितकेच दिले आहेत.) त्यामुळे शब्द शोधण्यापूर्वी आपल्याला नेमके काय म्हणावयाचे आहे, हे ठरवणे भाग पडते.

‘कॅन’चेच पाहा. ‘ती पोहायला शिकली आहे’ असे सांगायचे असेल तर फ्रेंच माणूस ‘साव्वार’, म्हणजे ‘जाणणे’ हे क्रियापद योजतो. आज नदीला पूर नाही म्हणून पोहणे शक्य आहे, असे म्हणायचे असेल तर ‘पुव्वार’. इंग्रजीतून येणाऱ्याला हा भेद पाठ करावा लागतो. मराठी माणसाला तो जन्मतः ठाऊक असतो: ‘तिला पोहता येते’ आणि ‘ती आज पोहू शकते’. तसेच इंग्रज जेथे ‘आय कॅन सी’ म्हणतो तेथे फ्रेंचमध्ये नुसते ‘मी पाहतो’ एवढेच पुरते. आपल्याकडेही ‘मला दिसते’ म्हटले की झाले. परंतु अलीकडे आपल्या घरांतून ‘मी पोहू शकतो’, ‘मी तबला वाजवू शकतो’ असे सरसकट ऐकू येऊ लागले आहे. ‘येणे’ मागे पडून सारा भार ‘शकणे’वर आला, तर ज्या भेदाच्या बळावर फ्रेंचचा हा धडा आपल्याला सोपा जातो, तो भेदच मुलांच्या कानांवर पडणार नाही.

‘मस्ट’ची कथा अधिक रंजक आहे. त्यासाठी ‘दव्वार’ आहेच, शिवाय ‘इल् फो’ हा प्रयोग आहे. त्याचा कर्ता नेहमी निर्वैयक्तिक ‘इल्’. मी, तू, आम्ही यांना तेथे कर्तेपण नाही. आपल्या ‘मला जायला पाहिजे’ या रचनेतही ‘मी’ प्रथमेत उभा राहत नाही. साम्य येथेच संपत नाही. ‘मला पुस्तक पाहिजे’ यातील ‘पाहिजे’ जसे वस्तूलाही चालते, तसेच ‘इल् फो’सुद्धा वस्तूला चालते. नकार मात्र सांभाळावा. ‘इल् न फो पा’ याचा अर्थ ‘करण्याची गरज नाही’ असा नसून ‘करता कामा नये’ असा होतो.

‘शुड’साठी फ्रेंचला नवा शब्द लागत नाही. ‘दव्वार’चे संकेतार्थी रूप केले की कठोर ‘केलेच पाहिजे’ मवाळ होऊन ‘करायला हवे’ होते. ‘वुल्वार’चे तेच रूप दुकानात वा अतिथिगृहात सभ्य मागणीसाठी येते. आपण ‘जरा पाणी हवे होते’ म्हणतो, तेव्हा तहान भूतकाळातली नसते. क्रियापदाला किंचित दूर सारून आपण विनय साधतो. भूतकाळातील नित्यक्रमाचा ‘वुड’ वेगळा. त्याला फ्रेंचमध्ये अपूर्ण भूतकाळ लागतो, जसे आपले ‘आजोबा रोज फिरायला जात असत’.

फ्रेंच नेहमीच अधिक काटेकोर असते, असा समज मात्र करून घेऊ नये. ‘इल् आ द्यू पार्तीर’ या वाक्याचे ‘त्याला जावे लागले’ आणि ‘तो गेला असावा’ असे दोन्ही अर्थ होतात. संदर्भ नसेल तर ऐकणाऱ्याने अंदाज बांधायचा. येथे इंग्रजी आणि मराठी दोघीही वरचढ ठरतात.

व्यवहारात या भेदांना केवढे वजन येते, हे कायद्यात दिसते. कॅनडाचे संघीय कायदे इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत होतात आणि दोन्ही पाठ समान प्रमाण असतात. तेथील इंटरप्रिटेशन अॅक्टचे अकरावे कलम सांगते की, इंग्रजीतील ‘शॅल’ बंधनकारक व ‘मे’ ऐच्छिक समजावा. फ्रेंच पाठात बंधन मुख्यतः क्रियापदाच्या साध्या वर्तमानकाळाने व्यक्त होते आणि अधिकार वा मुभा ‘पुव्वार’ने. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतही हेच आढळते. सदस्य राष्ट्रांनी परस्परसंबंधांत बळाचा वापर टाळण्याचे बंधन इंग्रजीत ‘शॅल’ने घातले आहे, फ्रेंच पाठ शब्दशः वाचला तर ती राष्ट्रे तो ‘टाळतात’. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात तोच ‘शॅल’ बहुधा ‘असेल’, ‘करील’ अशी भविष्यकाळी रूपे घेऊन येतो.