एका डायऑप्टरचा प्रश्न

हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, निळ्या प्रकाशातल्या खुणेकडे बघायचं आणि दोनेक सेकंद पापणी लववायची नाही. पेंटाकॅमचं काम तेवढ्यात उरकतं. हे यंत्र जर्मनीतल्या ऑक्युलस कंपनीचं. त्यातला कॅमेरा गोल फिरत कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे, 25 किंवा 50 छेद टिपतो; त्यांतून पडद्याची वक्रता आणि जाडी निघते. मूळ युक्ती थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याची, 1904 सालची. त्याला हवेतून जमिनीचे नकाशे काढायचे होते.

इथेही हातात पडतो तो रंगीत नकाशाच. केराटोकोनसमध्ये पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि तेवढा भाग नकाशात लालभडक दिसतो.

गोम पुढे आहे. निरोगी डोळा चारदा मोजा, आकडा जवळपास तोच येतो. शंकू झालेल्या डोळ्याचा आकडा मात्र हलतो आणि आजार जितका पुढे गेलेला तितका जास्त हलतो. अशा डोळ्याला समोरची खूणच धड दिसत नाही, मग नजर स्थिर राहणार कशी? उंचसखल पृष्ठभागावर अश्रूंचा थरही सारखा पसरत नाही. त्यात डॉक्टरांचं लक्ष असतं ‘केमॅक्स’वर, म्हणजे सर्वांत तीव्र वक्रतेच्या एका ठिकाणावर. एकाच जागेचं माप ते, डगमगणारच.

वक्रता मोजतात डायऑप्टर या एककात. वर्षभरात केमॅक्स 1 डायऑप्टरने वाढला की आजार बळावतोय असं बरेचदा धरतात, आणि क्रॉसलिंकिंगचा निर्णय होतो: रिबोफ्लेविनचे थेंब, वर अतिनील किरण. पण पुढे गेलेल्या शंकूत तेवढा फरक एकाच दिवशीच्या दोन मापांतही पडू शकतो. अशा डोळ्यात एकाच मापावर उपचार ठरवणं मला तरी धाडसाचं वाटतं.

एका डायऑप्टरची किंमत बघायची तर नागपूरजवळच्या खेड्यांत चला. तिथल्या तिशीपुढच्या साडेचार हजारांवर लोकांची पाहणी 2009 साली प्रसिद्ध झाली. 48 डायऑप्टर ही सीमा धरली तर केराटोकोनसचं प्रमाण 2.3 टक्के, 49 धरली तर 0.6. माणसं तीच, डोळे तेच! शिवाय ते माप साध्या केराटोमीटरचं. तो मधल्या तीनेक मिलिमीटरपुरतंच बघतो आणि शंकू बहुधा त्या मधल्या भागाच्या खालच्या बाजूला बसलेला असतो.

रत्नागिरीच्या माणसाला हे जास्त जाचतं. एक तपासणी कोल्हापूरला, पुढची मुंबईला, दोन्हीकडे यंत्र निराळं. आणि निराळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नसतो. तेव्हा शक्यतो त्याच यंत्रावर जा, तीनदा माप घ्यायला सांगा, कॉन्टॅक्ट लेन्स किती दिवस आधी काढायची ते फोनवरच विचारून घ्या. आणि निघताना जुने नकाशे पिशवीत टाका. चिठ्ठीवर लिहिलेला नुसता आकडा पुरत नाही.