नवरात्र संपल्यावर मांडवाचं काय?

यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला विदर्भभरातून माणसं येतात. मंडळं महाल उभारतात, मंदिरं उभारतात आणि उत्सव संपला की सगळं उतरवतात. बांबू-बल्ल्या मंडपवाल्याकडे परत जाऊन पुढच्या लग्नाला लागतात. वाया जातो तो वरचा साज, म्हणजे मापाला कापून खिळ्यांनी ठोकलेलं प्लायवुड. काढताना ते चिरफाळतं. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. सामान पुन्हा वापरायचं, तर जोड न मोडता सुटला पाहिजे.

इथे संगणक कामाला येतो; त्याचं एक उदाहरण पाहू. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब आली. लेझर कटर, संगणकाच्या आज्ञेवर चालणारी कापणी-यंत्रं, थ्रीडी प्रिंटर अशी साधनं एका छताखाली देणारी ही कार्यशाळा. त्रिकोणांनी रचलेला ‘पाबळ डोम’ हा घुमट याच आश्रमाची ओळख.

मांडवही असाच घुमटाकार करता येईल. चार काठ्यांचा चौकोन ढकलला की तिरका होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण हलत नाही. म्हणून घुमट कमी सामानात मजबूत होतो. सुमारे २० फूट रुंद, १० फूट उंच घुमटाला ६५ काठ्या पुरतात आणि त्यांची मापं दोनच: ३० काठ्या १.६४ मीटरच्या, ३५ काठ्या १.८५ मीटरच्या. मधे एकही खांब नाही आणि जागा मिळते सुमारे २८५ चौरस फूट.

विदर्भातला मानवेल बांबू जवळपास भरीव, म्हणून या कामाला चांगला. पण दोन बांबू सारख्या जाडीचे नसतात. त्यावर उपाय असा, की बांबूची जाडी नव्हे, दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर अचूक ठेवायचं. भोक टोकाजवळच्या गाठीच्या आतल्या बाजूला पाडलं, तर बोल्टच्या ताणाने बांबू सहजी चिरत नाही. काठ्या जिथे एकत्र येतात, तिथल्या २६ चकत्या यंत्र संगणकातल्या आराखड्याबरहुकूम कापतं. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेल्या बांबूला भुंगाही सहसा लागत नाही. हलका घुमट वाऱ्याने उचलला जाऊ शकतो; त्यामुळे जमिनीत पक्के खुंट हवेतच.

आराखडा एकदाच करावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो करावा, बांबूचं काम बुरुडांकडे द्यावं आणि मंडळांनी मांडव ठरवताना आधी एकच विचारावं: हा पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहील का?