तणनाशक आणि आपल्या पेशी: जनुक शाबूत, पण त्यावरच्या खुणा बदलतात

पावसाळा लागला की कापसाच्या गावांत फवारणीचे पंप बाहेर निघतात. निंदणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक. त्यातलं सर्वात ओळखीचं रसायन म्हणजे ग्लायफोसेट. दुकानात बरेच जण सरळ 'राउंडअप' म्हणूनच मागतात. सरकारची मान्यता नसलेलं 'एचटीबीटी' बियाणं पसरल्यापासून तर ते उभ्या कापसातही मारलं जातं. घरात अम्मीने काळजी केली तर उत्तर ठरलेलं: "गवताचं औषध आहे, माणसाला काय होणार?"

या उत्तरात तथ्य आहे. ग्लायफोसेट वनस्पतीतलं एक एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे तिला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होत नाहीत आणि ती वाळते. माणसाच्या पेशीत ते एन्झाइमच नाही. पण म्हणून आपल्या पेशीत दुसरीकडे कुठेच काही होत नाही, असं मात्र म्हणता येत नाही.

आपल्या कातडीच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए एकच असतो. एकच जाडजूड वही समजा. कातडीची पेशी त्यातली काही पानं वाचते, यकृताची पेशी दुसरी. न वाचायच्या पानांना जणू चिमटे लावलेले असतात. मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट हे काम करतात. वहीतलं अक्षरही न बदलता फक्त चिमटे इकडचे तिकडे झाले, तरी पेशीचं वागणं बदलतं. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. गोम अशी की पेशी दुभंगताना चिमट्यांची नक्कलही पुढच्या पेशीत जाते. म्हणजे रसायन निघून गेलं तरी खूण मागे राहू शकते.

पोलंडच्या संशोधकांनी २०१७ साली माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी २४ तास ग्लायफोसेटमध्ये ठेवल्या. एकूण मिथाइलच्या खुणा कमी झाल्या. उलट पी-५३ या जनुकाच्या सुरुवातीला त्या वाढल्या. पी-५३ म्हणजे कॅन्सर रोखणारा पहारेकरी. मात्र हे दिसलं ते लिटरला सुमारे ४२ मिलिग्रॅम इतक्या मात्रेत, आणि तेवढं रसायन सहसा कुणाच्या अंगात जात नाही.

२०१९ चा फ्रान्समधला प्रयोग म्हणून जास्त विचार करायला लावतो. तिथे मात्रा अत्यंत कमी होती, पेशी स्तनाच्या आणि निरोगी, मुदत २१ दिवस. तरी मिथाइलच्या खुणा उतरल्या, कारण त्या काढणारं टेट-३ हे एन्झाइम जास्त काम करू लागलं. या पेशी उंदरांत सोडल्यावर नुसत्या ग्लायफोसेटने गाठ झाली नाही. कॅन्सरशी संबंधित आणखी एक बिघाड मुद्दाम जोडला, तेव्हा सुमारे निम्म्या उंदरांत गाठी आल्या. माझ्या मते यातून एवढंच निघतं: रसायन जमीन नांगरून ठेवू शकतं, बी दुसरीकडून यावं लागतं. व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं "फवारलं की कॅन्सर" हे यातून सिद्ध होत नाही.

मोठ्या संस्थांतही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला ते पटलं नाही, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये आणखी १० वर्षं परवानगी दिली. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने आदेश काढला की प्रशिक्षित कीडनियंत्रकांनीच ते फवारावं. गावात हे किती पाळलं जातं ते सगळ्यांनाच माहीत आहे.

मग घरच्यांनी काय करायचं? अमेरिकेतल्या ४८ शेतकरी कुटुंबांची फवारणीच्या दिवशी लघवी तपासली होती. रबरी हातमोजे घालणाऱ्यांत लिटरला सरासरी २ मायक्रोग्रॅम ग्लायफोसेट सापडलं, न घालणाऱ्यांत १०. या अभ्यासात मॉन्सॅन्टो कंपनीचेच शास्त्रज्ञ होते, तरी हा आकडा आला. बायकांमध्ये ४ टक्के आणि मुलांमध्ये १२ टक्के जणांत ते आढळलं. बहुतेक ती मुलं औषध मिसळताना मदतीला किंवा जवळपास होती.

तेव्हा औषध मिसळताना हातमोजे हवेतच, कापडी नव्हे, रबरी. पोराला पाणी ओतायला बोलवू नका. गरोदर बाईने त्या दिवशी शेतात जाऊ नये. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात न टाकता वेगळे धुवा, आणि रिकामी बाटली तेला-रॉकेलसाठी ठेवून घेऊ नका.