तळ्यातले मूल आणि दूरचे मूल

समजा, आपण सकाळी शाळेला निघालो आहोत. वाटेत एक उथळ तळे आहे आणि त्यात एक लहान मूल गटांगळ्या खाताना दिसते. आसपास दुसरे कोणी नाही. आत उतरलो तर कपडे चिखलाने भरतील, शाळेला उशीर होईल. याहून अधिक नुकसान नाही. आपण काय करावे? याचे उत्तर द्यायला नीतिशास्त्राचा अभ्यास लागत नाही.

आता समजा, ते मूल हजार किलोमीटरवरच्या एका छावणीत आजारी आहे आणि त्या कपड्यांच्या किमतीत त्याचे औषध येते. आपले कर्तव्य तेवढेच राहते का? इथे मात्र आपण घुटमळतो. या घुटमळण्याला सबळ कारण आहे, की ती नुसती सवय? पन्नासहून अधिक वर्षे नीतिशास्त्रात यावर वाद चालू आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच उपखंडातल्या एका संकटातून झाली.

नोव्हेंबर १९७१ मध्ये पीटर सिंगर हे पंचविशीतले ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ऑक्सफर्डमध्ये एक निबंध लिहीत होते. पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या तेव्हा सुमारे ९० लाखांवर पोचली होती. ब्रिटनने मदत दिली होती १ कोटी ४७ लाख ५० हजार पौंड; काँकॉर्ड विमानाच्या विकासातला ब्रिटनचा वाटा मात्र साडेसत्तावीस कोटी पौंडांच्या पुढे गेला होता. सिंगर यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडले. ‘दुष्काळ, सुबत्ता आणि नैतिकता’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा तो निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. वरचे तळ्याचे उदाहरण त्यातलेच.

प्रमेयासारखी मांडणी

सिंगर यांचा युक्तिवाद भूमितीतल्या प्रमेयासारखा आहे.

१. अन्न, निवारा व औषध यांच्या अभावी होणारे हाल आणि मृत्यू वाईट आहेत.

२. तितक्याच महत्त्वाच्या कशाचा त्याग न करता एखादी वाईट गोष्ट टाळणे आपल्या हाती असेल, तर ती टाळणे हे आपले कर्तव्य आहे.

३. संकटातला माणूस किती दूर आहे आणि मदत करू शकणारे आणखी कितीजण आहेत, याने हे कर्तव्य बदलत नाही.

ही विधाने मान्य केली तर निष्कर्ष टाळता येत नाही. दूरच्या मुलासाठी पैसे देणे हे ‘केले तर पुण्य, न केले तर पाप नाही’ अशा प्रकारचे दान राहत नाही. ते कर्तव्य ठरते. निष्कर्ष पटत नसेल, तर तीनपैकी कोणते विधान चूक आहे ते दाखवावे लागते.

अंतराचा प्रश्न

दूरच्या माणसाची गरज कळत नाही आणि मदत त्याच्यापर्यंत पोचत नाही, हा आक्षेप वस्तुस्थितीविषयी आहे. आणि वस्तुस्थिती ज्ञानाने बदलते. त्याच १९७१ मध्ये बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडत होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यातून पाजायला सुरुवात केली. पाकिटे कलकत्त्यात भरली जात. पाजण्याचे काम रुग्णांचे नातेवाईकही करत. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ‘आपल्या हाती आहे’ या शब्दांचा अर्थ असा विस्तारत जातो. ज्ञान वाढले की सबबी कमी होतात.

न संपणारी तळी

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तळी संपतच नाहीत. एका मुलाला वाचवून पुढे जावे, तर पुन्हा तळे. मग गाणे शिकायला, स्वतःच्या मुलांबरोबर खेळायला वेळ कधी? बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये म्हटले, की मनापासून स्वीकारलेली कामे हाच माणसाच्या आयुष्याचा कणा असतो. जगातल्या सुखदुःखाची बेरीज बदलली म्हणून ती सोडून दे, असे त्याला सांगणे म्हणजे तो कणाच काढून घेणे. सुझन वुल्फ यांनी १९८२ मध्ये ‘नैतिक संतां’वर लिहिताना विचारले, की ज्याच्या जगण्यात परोपकाराखेरीज काहीच उरलेले नाही, असे आयुष्य आपण आदर्श मानू का?

थॉमस पोगे यांचा रोख वेगळा आहे. मुलाला तळ्यात ढकलले कोणी, हे ते आधी विचारतात. दारिद्र्य टिकवणाऱ्या जागतिक नियमांचा फायदा आपण घेत असू, तर प्रश्न मदतीचा न राहता अन्याय थांबवण्याचा होतो.

वर्गात काय करता येईल?

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. इथेही तसेच करावे. आधी फक्त अंतर बदला. मग फक्त बघ्यांची संख्या, मग फक्त खर्च, मग फक्त मुलांची संख्या. कोणत्या बदलाला विद्यार्थ्यांचे उत्तर बदलते ते फळ्यावर लिहा आणि प्रत्येक वेळी कारण विचारा. ‘ज्याचे त्याचे मत’ एवढ्यावर चर्चा सोडू नये. दिलेले कारण दुसऱ्या उदाहरणालाही लावून पाहावे.

हे लिहिताना आम्हालाही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सिंगर यांच्या तिन्ही विधानांत नेमकी चूक आम्हाला अजून दाखवता आलेली नाही, आणि आमचा महिन्याचा खर्च त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे चालत नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न विद्यार्थी आपल्याला विचारणारच. त्याची तयारी आधी आपण केलेली बरी.