यादी लांबलचक, कागद मात्र दोनच!

घरात लग्न ठरलं की सर्वात आधी आमंत्रणांची यादी सुरू होते. हल्ली ती एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये होते. इंदूरची आत्या, बडोद्याचे काका, पुण्यातली भावंडं एकाच फाइलमध्ये नावं भरत जातात. पण पत्रिका वाटायला निघताना आजोबांना यादी कागदावरच हवी असते, पेनाने खूण करायला. तुम्ही प्रिंट देता आणि कागदामागून कागद बाहेर येतात. प्रत्येकावर डावीकडे नाव आणि फोन नंबर, बाकीचा कागद कोरा.

एक्सेल वर्तमानपत्रासारखा मजकूर शेजारच्या रकान्यात आपोआप वळवत नाही. ते सरळ खाली जातं. ए-4 कागदावर नेहमीच्या मापात साधारण 48 ओळी बसतात, म्हणजे 288 नावांना 6 कागद. तीच नावं तीन जोड्यांत शेजारी-शेजारी मांडली तर 2 कागद पुरतात. दोन्ही बाजूंना छापलंत तर एकच.

इथे बरेचजण सगळी यादी एका पानावर बसवण्याचा पर्याय निवडतात. तो टाळा. सहा पानं एकात कोंबली की 11चा फॉन्ट दोनच्याही खाली जातो. मग आजोबांनी भिंग घेऊन फिरायचं का?

यादी पक्की झाली असेल तर हाताने कट-पेस्ट सर्वात सोपं. मूळ यादीला हात न लावता तिची प्रत दुसऱ्या शीटवर घ्या. समासासाठी ‘नॅरो’ निवडा. 49 ते 96 क्रमांकाची नावं पहिल्या जोडीच्या शेजारी न्या, 97 ते 144 त्यांच्या शेजारी. 145व्या नावापासून पुन्हा डावीकडे, 49व्या ओळीपासून सुरुवात करा. यादीचे सरळ तीन समान भाग केलेत तर पहिला रकाना अर्धवट तुटून दुसऱ्या पानावर जातो आणि नाव शोधताना पानं उलटत बसावं लागतं.

नाव आणि नंबर मात्र नेहमी एकत्र उचला. नुसती नावं सरकली तर मामींच्या नावापुढे मंडपवाल्याचा नंबर येतो आणि कागदावर ते कुणाच्याच लक्षात येत नाही. शेजारी-शेजारी मांडलेल्या यादीला अकारविल्हे लावायलाही जाऊ नका, सगळा गोंधळ होईल. क्रम मूळ यादीतच लावा.

कट-पेस्टचा कंटाळा असेल तर यादी वर्डमध्ये पेस्ट करा, ‘लेआउट’मधून ‘कॉलम्स’ तीन करा आणि तक्त्याची रुंदी रकान्याएवढी करा. पुढची नावं आपोआप वळतात.

रोज नावं वाढत असतील तर रॅपकॉल्स हे फंक्शन वापरा (डब्ल्यू-आर-ए-पी-सी-ओ-एल-एस, मध्ये जागा न सोडता). गूगल शीट्स आणि मायक्रोसॉफ्ट 365मध्ये ते आहे, एक्सेल 2016 किंवा 2019मध्ये नाही. ते एकच रकाना घेतं, म्हणून आधी नाव आणि नंबर एका रकान्यात जोडून घ्या. मग कंसात त्या रकान्यातली पहिली 144 नावं आणि 48 हा आकडा द्या. तीन रकाने तयार! पुढच्या 144 नावांसाठी तेच सूत्र 49व्या ओळीत लिहा. मूळ यादीत नंबर बदलला की इथेही बदलतो.

मराठी अक्षरांना वर-खाली मात्रा असल्याने काही फॉन्टमध्ये ओळ उंच होते आणि 48 ओळी बसत नाहीत. म्हणून मांडणीआधी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये पहिल्या पानावर किती ओळी येतात ते मोजा आणि 48च्या जागी तो आकडा धरा.

छपाई झेरॉक्सच्या दुकानात करणार असाल तर एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तिथल्या संगणकावर फॉन्ट बदलला की तुमची मांडणी मोडते. पीडीएफ करून पाठवा, मोबाइलवर स्वतः उघडून बघा आणि मगच दुकानदाराला ‘दोन्ही बाजूंना’ असं सांगा. लग्न झाल्यावर तो कागद रद्दीत टाकण्याआधी फाडा, सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर आहेत त्यावर.