शेवईएवढी नळी, नितळ पाणी

पहिला मोठा पाऊस झाला की हिंगोली जिल्ह्यातल्या कयाधू आणि पूर्णा या नद्यांचे पाणी चहासारखे दिसू लागते. आपल्या काळ्या मातीतला चिकण कण दोन मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान असतो. तो घागरीत तासन्‌तास बसत नाही. तुरटी फिरवली तर बराच गाळ खाली बसतो, पण सगळे जंतू जात नाहीत. टीसीएल पावडर टाकावी, तर गढूळ पाण्यात तिची निम्मी ताकद गाळातल्या कुजक्या पदार्थांवरच खर्ची पडते. पावसाळ्यातली हगवण आणि कावीळ घरात शिरते ती याच वाटेने.

यावर एक उपाय म्हणजे पोकळ तंतूंची गाळणी. बाजारात तिला ‘यूएफ’ म्हणतात. शेवईएवढ्या जाडीचे प्लॅस्टिकचे तंतू, आतून पोकळ. त्यांच्या भिंतीला मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी छिद्रे असतात. जिवाणू त्याच्या पन्नास-शंभर पट मोठा, त्यामुळे तो अडतो. पाणी मात्र पार होते. अमेरिकेतल्या डाऊ कंपनीचे हेन्री महॉन यांना अशा तंतूंच्या रचनेचे पेटंट १९६६ साली मिळाले. डायलिसिसच्या यंत्रात रक्त शुद्ध होते तेही अशाच, पण अधिक बारीक तंतूंमधून.

तंतूच कशाला, सपाट कापड का नको? मी वर्गात याचा हिशेबच मांडतो. आतून ०.८ मिलिमीटर व्यासाचे, एक मीटर लांबीचे हजार तंतू घ्या. त्यांच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ भरते अडीच चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एका चादरीएवढे. आणि ही सारी जुडी मावते मनगटाएवढ्या नळीत!

मग तंतू आणखी बारीक का करू नयेत? व्यास निम्मा केला तर त्याच नळीत चौपट तंतू बसतात आणि क्षेत्रफळ दुप्पट होते. पण तेवढेच पाणी त्यांतून वाहून न्यायचे तर दाब चौपट खर्ची पडतो. शेवटच्या टोकाला जोर उरत नाही आणि तिथली भिंत नुसती बसून राहते. शिवाय बारीक तोंडे गाळाने लगेच बुजतात. म्हणून व्यास आणि लांबी यांचा मेळ घालावा लागतो.

गढूळ पाणी तंतूच्या आतून सोडायचे की बाहेरून, हाही प्रश्नच. बाहेरून सोडले तर तोंडे बुजत नाहीत. पण पाणी आळशी असते. जिथे तंतू विरळ तिथूनच ते पळते आणि दाट भागात चिखल साचतो. म्हणून जुडी फार घट्ट आवळत नाहीत. थोडे पाणी भिंतीला घासून बाहेर जाऊ देतात आणि ठरावीक वेळाने शुद्ध पाणी उलटे सोडून छिद्रे मोकळी करतात. पाणी वाया जाते म्हणून ही धुलाई टाळणे म्हणजे गाळणीच गमावणे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विरघळलेले क्षार, नायट्रेट किंवा फ्लोराइड ही गाळणी अडवत नाही. बोअरचे पाणी असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. दुसरे, एक तंतू तुटला तरी जंतूंना राजमार्ग मिळतो आणि पाणी दिसायला मात्र नितळच दिसते. म्हणून गावच्या मोठ्या यंत्रांत ओल्या तंतूंवर हवेचा हलका दाब देऊन पाहतात. ओली छिद्रे हवा अडवतात. तुटक्या तंतूतून मात्र बुडबुडे निघतात. गावात असे यंत्र बसवताना ग्रामपंचायतीने किमतीबरोबरच ही चाचणी कोण आणि किती दिवसांनी करणार, हेही लिहून घ्यावे. गाळलेल्या पाण्यातही थोडे क्लोरीन हवेच, कारण टाकीत आणि घागरीत जंतू पुन्हा शिरू शकतात. फरक एवढाच, की नितळ पाण्यात थोडक्या पावडरीचेही काम पुरते होते.