दुकानं फोनने मारली नाहीत

मुंबईत काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे गाण्यांचं दुकान २९ फेब्रुवारी २०१६ला बंद झालं, त्याला दहा वर्षं झाली. मधल्या काळात ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, बँक घोटाळ्यानंतर तिच्यावर जप्ती आली आणि २०२४मध्ये कपड्यांच्या धंद्यातल्या एका कुटुंबाने ती ४७ कोटींहून जास्त मोजून घेतल्याच्या बातम्या आल्या. दुकान बंद पडण्यावर बहुतेकांचं म्हणणं एकच: तंत्रज्ञान बदललं, दुकानं जाणारच. मला हे अजिबात पटत नाही. दुकानांना घरघर लागली ती फोनवर गाणी यायच्या कितीतरी आधी, आणि त्यात सगळ्यात मोठा हात गाणी विकणाऱ्या कंपन्यांचा होता.

तबकड्यांच्या काळात रेंगाळायचं कारण नाही. तेव्हा घरात ग्रामोफोन असणारेच मूठभर. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, टी-सीरिजने ती स्वस्त करून पानाच्या ठेल्यापर्यंत नेली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. जाणकारांनी त्या कॅसेटींना नाकं मुरडली. पण प्रल्हाद शिंद्यांचा आवाज वस्त्यावस्त्यांतून घुमला तो कॅसेटवरूनच. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या रस्त्यांवर भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागायचे, लांबून आलेली माणसं त्या निवडून पिशवीत घालून गावी न्यायची. फोर्टातल्या दुकानासाठी हळहळणाऱ्यांना तो बाजार आठवत नाही, याचा मला राग येतो.

माझं दशक नव्वदचं. शनिवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस सुटलं की चर्चगेटहून चालत काळा घोड्याला जायचं. समोर जहांगीर आर्ट गॅलरी आणि तिथलं समोवार हे उपाहारगृह, शेजारी वेसाइड इन, जिथे कवी अरुण कोलटकर खिडकीशी बसायचे. ऱ्हिदम हाउसमध्ये गाणं ऐकून बघायला छोट्या केबिनी होत्या. आत शिरून दार ओढलं की रस्त्यावरचे हॉर्न बंद. एक बाजू ऐकून काही न घेता बाहेर पडलात तरी कुणाच्या कपाळावर आठी नसे.

आणि काउंटरमागची माणसं! एकदा बालगंधर्वांच्या एका पदाचे शब्द आठवेनात, म्हणून मी चाल गुणगुणून दाखवली. समोरच्या माणसाने क्षणभर ऐकलं आणि विचारलं, “‘मानापमान’ की ‘स्वयंवर’? गोविंदराव टेंब्यांची चाल वाटत नाही, भास्करबुवांचीच असणार.” कॅसेट काढून दिली ती ‘स्वयंवर’ची, आणि पद त्यातच निघालं. मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यातल्या एका आजोबांनी मग भास्करबुवांवर दहा मिनिटं घेतली, आणि कुणीही घड्याळाकडे बघितलं नाही.

पुण्यात कर्वे रोडला अलूरकर म्युझिक हाउस होतं. सुरेश अलूरकरांनी नुसत्या कॅसेटी विकल्या नाहीत, स्वतः काढल्याही, आणि मोठ्या कंपन्यांना ज्यांच्यात फायदा दिसत नव्हता अशा गवयांच्यासुद्धा. कॅसेटच्या आतलं घडीचं कार्ड मी आधी वाचायचो, मग कॅसेट लावायचो. राग, ताल, तबल्याला कोण, पेटीला कोण, बारीक टायपात सगळं असायचं. साथीदारांची नावं मला पाठ झाली ती त्या कार्डांवरून.

त्याच दशकाच्या शेवटी चक्रं फिरली. नाट्यसंगीताची, भावगीतांची कॅसेट संपली की कंपनीकडून परत यायचीच नाही. दुकानदार मागणी पाठवून थकायचे. सीडी आली तेव्हा तिच्या किमती अशा की मध्यमवर्गीय माणसाने हातात घेऊन परत ठेवावी. मग चोरीच्या एमपीथ्री सीडी निघाल्या, एकेका तबकडीत शंभरावर गाणी, आणि लोक तिकडे वळले. त्यांना दोष देऊन काय उपयोग? ज्या गाण्यांसाठी ते पैसे द्यायला तयार होते, ती दुकानात मिळतच नव्हती.

१९९९मध्ये व्हीटीसमोर टाइम्सच्या इमारतीत प्लॅनेट एम उघडलं. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर म्युझिक वर्ल्ड होतंच. झगमगाट, एसी, भिंतीला टांगलेले हेडफोन. तरुण पोरं तासन्‌तास उभी राहून ऐकायची, ते बघून बरं वाटायचं. पण त्या वर्षांत अशाच एका चकचकीत दुकानात मी मल्लिकार्जुन मन्सूर मागितले, तेव्हा मुलाने संगणकात घालायला स्पेलिंग विचारलं आणि नकारार्थी मान हलवली. दोन रांगांपलीकडे त्यांच्या सीडी होत्या. पुढे प्लॅनेट एम व्हिडिओकॉनकडे गेलं, म्युझिक वर्ल्डने २०१३मध्ये पार्क स्ट्रीटवरचं दुकान मिटलं. साखळी दुकानांत गाण्यांच्या जागी खेळणी, गेम, मोबाइल आले. कंपन्यांना तोवर कॉलर ट्यूनमध्ये पैसा दिसला होता. तीस सेकंदांचा तुकडा विकता येत असेल, तर अख्खी मैफल छापतो कोण?

आता सगळं ‘उपलब्ध’ आहे म्हणतात. परवा एका मोठ्या ॲपवर ‘स्वयंवर’मधलं एक पद उघडलं. गायकाचं नाव होतं. संगीतकाराच्या जागी कंपनीचं नाव, आणि भास्करबुवा बखले कुठेच नाहीत. शास्त्रीय ध्वनिमुद्रणांची गत याहून वाईट. तासाभराची मैफल, तबलजी निनावी, पेटीवाला निनावी. तीच मैफल माझ्याकडे कॅसेटवर आहे, आणि कार्डावर दोघांचीही नावं स्वच्छ छापलेली आहेत. हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडे ही माहिती कधीकाळी होती, ती त्यांनीच छापून आपल्याला विकली होती. दर महिन्याला आपल्याकडून वर्गणी घेणाऱ्यांनी दोन माणसं बसवून ती जुनी कार्डं उतरवून घ्यावीत. ज्यांच्या कपाटांत अजून ती आहेत, त्यांनी तोवर भंगारवाल्याला देऊ नयेत.